मुरमावरचे अण्णा

मोहोळ तालुक्यात रस्त्यांबद्दल दोन मतं नाहीत. रस्ता डांबरी हवा, जमलं तर काँक्रीटचा हवा आणि तो सगळ्यात आधी आपल्या वस्तीवर यायला हवा. निवडणुका या एका मागणीवर लढवल्या जातात, जिंकल्या जातात आणि मागणी पुढच्या निवडणुकीसाठी जपून ठेवली जाते. अशा तालुक्यात नुसत्या नव्या डांबराच्या वासानं ज्याचा चेहरा उतरतो असा एक माणूस आहे. तो म्हणजे आमच्या शेजारचे अण्णा.

अण्णांचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे कुणी विचारलं तर अलीकडे आणि गुडघा धरला तर पलीकडे. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. अण्णा चालू लागले, पण कृषी सेवा केंद्रवाल्याला या तालुक्यात चालता येत नाही. दर दहा पावलांवर कुणीतरी खिशातून डाळिंबाचं डागाळलेलं पान काढतो आणि "हे बघा की अण्णा, तेल्या हाय का?" म्हणून विचारतो. वेगानं निघून जाता यावं म्हणून अण्णांनी सायकल घेतली. आधी साधी, मग गियरची आणि मग पुण्याहून आणलेली ती 'ग्रॅव्हल'. खाली वळलेलं हँडल, हलकी फ्रेम, चाळीस मिलिमीटरचे नक्षीदार टायर. डांबरावर पळते आणि खडी, मुरूम, माती यांवर खरी पळते, असं अण्णा म्हणतात. तेव्हापासून त्यांनी डांबराकडे पाठ फिरवली.

सायकलची किंमत हा अण्णांच्या चरित्रातला नाजूक भाग आहे. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस आधी टायर दाबून बघतो, मग विचारतो, "कितीला घेतलाव?" सायकलवाल्या मित्रांना अण्णा खरा आकडा सांगतात. शेतकऱ्याला त्याच्या निम्मा सांगतात. त्यावरही तो "एवढ्यात एक दुभती म्हैस आली असती की" म्हणतो आणि अण्णांना ते पटतं. वहिनींना सांगितलेला आकडा मला माहीत आहे, पण त्या हा मजकूर वाचण्याची शक्यता आहे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देती?" अण्णा गंभीरपणे उत्तर देतात, "दोन भाकरीला चाळीस."

पहाटे पाचला त्यांच्या अंगणात दिवा लागतो. मग हवेचा विधी सुरू होतो. पंप लावायचा, काटा बघायचा, अंगठ्यानं टायर दाबायचा, थोडी हवा सोडायची, पुन्हा दाबायचा. डांबरावरच्या सायकलला टायर दगडासारखा टणक लागतो. मुरमावर तो जरा मऊच हवा, म्हणजे खडा लागला की टायर त्याला सामावून घेतो आणि सायकल उडत नाही. हे गावातल्या पंक्चरवाल्याला पटवायला अण्णांचं एक वर्ष गेलं. तो बिचारा प्रेमानं हवा ठासून भरायचा आणि अण्णा कोपऱ्यावर जाऊन ती सोडायचे. "टायरातली हवा कमी करा सर, डोक्यातली आपोआप कमी होते," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते हे वाक्य मला, दातांच्या डॉक्टरांना आणि एकदा खताच्या कंपनीच्या एरिया मॅनेजरलाही म्हणाले होते. मॅनेजरनं त्याचा वेगळा अर्थ घेतला.

अण्णांचं भूगोलाचं ज्ञान सगळं बुडाखालून आलेलं आहे. आपल्या तालुक्यात डोंगर असा नाही. माळ चढायचा, ओढ्यात उतरायचं, पुन्हा माळ. माळावर मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम. ओढ्याकडं उतरत गेलं की काळं रान लागतं आणि सीनेच्या, भीमेच्या काठाला तर विचारूच नका. ऊन असेल तर सगळी वाट आपली. पाऊस झाला की माळानं जायचं, काळ्या रानात पाय टाकायचा नाही. हा नियम ते प्रत्येक नव्या भिडूला सांगतात आणि प्रत्येक नवा भिडू जूनमध्ये एकदा तो मोडतो. मग अर्ध्या किलोमीटरवर चाकं फिरायची थांबतात, चिखल फ्रेममध्ये गच्च बसतो आणि सायकल खांद्यावर येते. खांद्यावर घ्यायला ती हलकी आहे, ही तिची जाहिरातीतली गोष्ट तेवढी खरी ठरते.

अमेरिकेत कान्सस राज्यात एम्पोरिया नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांतून 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. 2023 मध्ये तिथं असा चिखल झाला, की स्वार सायकली उचलून चालत होते आणि तिकडच्या लोकांनी त्याला शेंगदाण्याच्या लोण्याची उपमा दिली. अण्णांनी तो व्हिडिओ मला दुकानात बसवून दाखवला. "लोणी कसलं सर? ही आपली सोलापूरची शेंगाचटणी. तेल सुटलेली. एम्पोरिया म्हणजे अमेरिकेचं मोहोळच समजा." त्यांच्या आवाजात सहानुभूती कमी आणि नातं सापडल्याचा आनंद जास्त होता.

डोक्यावर हेल्मेट, अंगात पोपटी जर्सी, हँडलवर लुकलुकणारं यंत्र. असा माणूस सकाळी साडेसहाला पाणंदीत उगवला, तर शेतकरी काय समजेल? उजनीच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून अण्णा निघाले, की पुढच्या वळणापलीकडच्या मोटारी एकेक करून बंद होत जातात. लोकांना वाटतं, पाटबंधाऱ्याचा साहेब आला. अण्णा पुढे गेले की त्या पुन्हा सुरू होतात. त्यांना याची इतकी सवय झाली आहे, की मोटारीच्या आवाजावरून ते मागं राहिलेला भिडू किती लांब आहे ते सांगतात. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीची चर्चा जोरात होती, त्या दिवसांत तर एका वस्तीवर त्यांना बाजेवर बसवून रीतसर चौकशी झाली. यंत्रात काय दिसतं ते दाखवा म्हणाले. अण्णांनी दाखवलं. त्यात त्यांच्या हृदयाचे ठोके दिसत होते आणि ते बरेच वाढलेले होते. म्हातारीनं आधी पाणी दिलं, मग चहा.

पण खरी गंमत उधारीची आहे. पेरणीला बी-खत उधार न्यायचं आणि उसाचं बिल आलं की भागवायचं, ही इथली रीत. त्यामुळे अण्णा कुठल्याही पाणंदीत शिरले तरी डावीकडं-उजवीकडं त्यांचंच एखादं खातं उभं असतं. अण्णा निखळ आनंदासाठी निघालेले असतात. समोरच्याला वाटतं वसुलीला आले. पेनूरच्या बाजूला एक गृहस्थ त्यांना बघून उसात शिरले. अण्णा भला माणूस, बांधावर थांबून त्यांनी "राम राम" घातला. उसातून आवाज आला, "मालक पंढरपूरला गेल्यात." दुसऱ्या एकानं तर सायकल थांबायच्या आधीच बंडीतून नोटा काढून त्यांच्या जर्सीच्या मागच्या खिशात कोंबल्या, केळ्याशेजारी.

हे वहिनींच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दुकानाची वही त्यांच्याकडं असते. सायकल ज्या शिवारातून फिरते, तिथली बाकी त्या आठवड्यात जमा होते, हे त्यांनी दोन महिन्यांत ताडलं. ज्या बाई "मुरूम झाडून झाडून कंबर गेली माझी" म्हणत होत्या, त्या आता रात्री जेवताना सहज म्हणतात, "उद्या कुरुल-कामतीकडनं जा की. तिकडचं लई दिवस झालं काही आलं नाही." अण्णा माती बघून वाट ठरवतात, वहिनी वही बघून. त्यातून निघणारा मार्ग जगातल्या कुठल्याही नकाशावर सापडणार नाही, पण त्यामुळे घरात शांतता आहे.

मार्ग समजावून सांगण्याची अण्णांची पद्धत ऐकण्यासारखी असते. अंतर ते सांगत नाहीत. "वाफळ्याच्या अलीकडं दोन लिंब आहेत, तिथून डावीकडं. डीपी लागेल. डीपीपाशी कुत्रं आहे, ते नुसतं भुंकतं. पुढच्या वस्तीवरचं भुंकत नाही, त्याला जपा." कुत्र्यांची त्यांनी प्रतवारी केलेली आहे. नुसती भुंकणारी, पळणारी, पळून दमणारी आणि न सांगता येणारी. शेवटच्या जातीसाठी उतरायचं, सायकल मध्ये आडवी धरायची आणि कुत्र्याशी न बोलता मालकाला मोठ्यानं हाक मारायची. मालकाचं नाव माहीत हवं. अण्णांना माहीत असतं, वहीत आहे.

सणवारही त्यांच्या नकाशात आहेत. धुळवडीला भोयऱ्याच्या बाजूला जायचं नाही, कारण त्या दिवशी तिथं रंगाऐवजी दगड उडतात. जगदंबेची ती जुनी रीत आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याकडच्या वाटा सोडायच्या. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून आला की पाणंदीत सायकलला जागा उरत नाही आणि सायकलस्वाराला इज्जत. पौष लागला की मात्र काळ्या रानाकडं वळायचं, कारण ज्वारी हुरड्याला आलेली असते. रब्बी ज्वारीचं गाजलेलं मालदांडी 35-1 हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलं गेलं, हे अण्णा प्रत्येक हुरड्याला सांगतात. बी विकणाऱ्यानं हे सांगावं यात नवल नाही. पण आगटीपाशी बसून, हातावर कणीस चोळत, हेल्मेट न काढता ते सांगतात तेव्हा मजा येते.

लांबोटीला ते चिवडा खायला जातात. मक्याचा चिवडा घ्यायला अख्खी सोलापूर-पुणे वाहतूक तिथं थांबते. मोहोळहून महामार्गानं गेलं तर गाडी सुरू केली आणि आलंच. अण्णा पहाटे निघतात, तीन गावांच्या शिवारातून, दोन ओढ्यांतून, एका रागीट मेंढपाळाच्या कळपातून फिरून नऊ वाजता तिथं पोचतात, महामार्गावरून सरळ आलेल्या दातांच्या डॉक्टरांकडं दयेनं बघतात आणि म्हणतात, "तुम्ही नुसतं पोचलाव डॉक्टर." डॉक्टरांचं तोवर दुसरं पाकीट सुरू झालेलं असतं.

काट्यांचा विषय निघाला की अण्णा हळवे होतात. एक वेड्या बाभळीचा काटा, दुसरा सराटा. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी; सराटे जमिनीशी पसरलेले असतात आणि कसेही पडले तरी त्यांचं एक टोक वरच असतं. म्हणून टायरात ट्यूब न ठेवता पांढरं चिकट औषध भरतात. भोक पडलं की ते बाहेर येतं आणि तिथंच वाळून भोक बुजतं. पापरीच्या वाटेवर अण्णांना सराटे लागले, टायरातून पांढऱ्या चिळकांड्या उडाल्या, तेव्हा म्हशीमागं चाललेलं एक पोरगं ओरडलं, "अण्णाऽ, टायरातनं दूध गळालंय!" त्यानंतर त्या वस्तीवर सायकलला म्हशीच्या किमतीएवढी का म्हणतात, याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

आता डांबराचा प्रश्न. अण्णांच्या मते पाणंद ही शंभर वर्षं बैलगाडीच्या चाकांनी दाबून तयार झालेली वस्तू आहे आणि ती बुजवणं पाप आहे. इटलीत टस्कनी प्रांतात द्राक्षांच्या मळ्यांतून असेच पांढरे मातीचे रस्ते आहेत. ते वाचावेत म्हणून 1997 मध्ये तिथल्या सायकलवेड्यांनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. आज त्या रस्त्यांवर जगातले नामांकित स्वार शर्यत खेळतात. अण्णांनी हे सगळं एका पारावर पंधरावीस माणसांना रंगवून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एक म्हातारबा तंबाखू मळत म्हणाले, "त्येंचा ऊस पावसात रानातच ऱ्हात नसंल, न्हवं?" अण्णांना उत्तर सुचलं नाही. परत येताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हातारबा बरोबर होते सर. पण म्हणून मला वाईट वाटू नये का?"

वाटांच्या या नादातून त्यांनी गावनकाशे जमवले. ते सरकारी नकाशे असतात ना, ज्यात गाडीवाट तुटक रेषांनी दाखवलेली असते, ते. गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाट सव्वाआठ फूट. हे आकडे असे अर्ध्या-पावाचे का, तर आपली मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिची निम्मी साडेसोळा आणि पाव सव्वाआठ. नकाशात एकवीस फुटांची असलेली वाट प्रत्यक्षात सायकलचं हँडल घासेल एवढी उरलेली असते, कारण दोन्ही बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासानं आत सरकलेले असतात. अण्णा हे घरी येऊन तारखेनिशी नोंदवून ठेवतात. यंत्रात तर सगळं आपोआप राहतंच.

आणि इथंच त्यांचा घात झाला. एका गावात दोन भावक्यांचा रस्त्याचा वाद होता. 1906 सालच्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांपुढं अर्ज गेला. एक बाजू म्हणे इथं वाट होती, दुसरी म्हणे कधीच नव्हती. स्थळपाहणीला कुणीतरी सुचवलं, "सायकलवाल्या अण्णांना बोलवा." अण्णा आले, मोबाइल उघडला. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी आपण इथून गेलो होतो, वेग ताशी चौदा होता आणि मध्ये कसलंही पीक नव्हतं, हे त्यांनी नकाशावरच्या लाल रेषेनं दाखवलं. अशा साक्षीला कागदावर किती वजन ते वकील जाणोत. पण नाही म्हणणाऱ्या बाजूचा आवाज खाली आला आणि चार माणसांत तडजोड झाली. वाट मोकळी झाली.

तेव्हापासून अण्णांना अशी बोलावणी येऊ लागली. आणि मोकळ्या झालेल्या वाटेचं पुढं काय होतं? आधी मुरूम पडतो, तोवर अण्णा खूश. मग कुठल्यातरी योजनेतून खडीकरण होतं, तरीही अण्णांची तक्रार नसते. मग एक दिवस काँक्रीट येतं. त्या पहिल्या वाटेच्या मालकांनी तर अण्णांना मुद्दाम फोन करून बोलावलं. नव्याकोऱ्या काँक्रीटवर उभं राहून त्यांच्या गळ्यात हार घातला, पिशवीभर पेरू दिले आणि अभिमानानं म्हणाले, "आता बघा अण्णा, तुमची सायकल कशी पळतीय ती!" अण्णांनी हात जोडले, हसले, त्या काँक्रीटवरून टोकापर्यंत सायकल मारून दाखवली. टोकाला गेल्यावर ते थोडे थांबले. मला वाटलं डोळे पुसतात की काय. पण ते पलीकडचा माळ बघत होते. "सर, तिकडनं एक तुटक रेषा जाते," म्हणाले.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला. लांबोटीजवळ महामार्ग बंद पडला, काठची गावं पाण्यात गेली. त्या दिवसांत अण्णांचा फोन खाली राहिला नाही. कुठल्या वस्तीवरून माळानं बाहेर पडता येईल, कुठल्या ओढ्याला उतार आहे, कुठं ट्रॅक्टर रुतेल, हे अण्णा डोळे मिटून सांगत होते. दोन लिंब, डीपी, कुत्रं. जनावरांसाठी चारा घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर ते स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेले. सायकल घरी होती. त्या एका आठवड्यात त्यांना कुणी किंमत विचारली नाही आणि ॲव्हरेजही नाही. पाणी ओसरल्यावर ते पुन्हा निघाले तेव्हा त्यांच्या लाडक्या कितीतरी वाटा वाहून गेलेल्या होत्या. त्या वर्षीची उधारी वहिनींनी वहीत लिहून ठेवली, पण कुरुलकडं जा की अमुकीकडं जा, हे त्या बरेच महिने बोलल्या नाहीत.

प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एक माणूस असतो, असायला हवा. सगळ्यांना जे टाळायचं असतं तिथं तो हौसेनं जातो आणि मग सगळ्यांना तिथं जायची वेळ आली की वाट त्यालाच विचारावी लागते. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणतील, "ते राहू द्या सर, रविवारी येताव का?"

तेव्हा मोहोळच्या बाजूला शेत-वस्ती असलेल्या मंडळींना एक विनंती. सकाळी पोपटी जर्सीतला माणूस पाणंदीत दिसला, तर मोटार बंद करू नका, उसात शिरू नका. तांब्याभर पाणी द्या, कुत्रं बांधा. "तिकडनं कशाला, हिकडनं जावा, डांबरी हाय," हे प्रेमानंसुद्धा म्हणू नका. सायकलची किंमत वहिनींसमोर काढू नका. आणि बाकी भागवायचीच असेल, तर दुकानात वहिनींकडं जमा करून पावती घ्या. अण्णांच्या खिशात नोटा कोंबल्या तर त्या चिवड्याबरोबर तेलकट होतात आणि बँक घेत नाही.